वाढत्या अंगाचा संगणक

गेमिंगसाठी सुटे भाग निवडून संगणक जुळवायचे ठरले की घरात दोन प्रश्न निघतात. खेळणारा विचारतो, नवे गेम यावर किती वर्षे चालतील? पैसे देणारा विचारतो, दोन वर्षांनी पुन्हा एवढाच खर्च निघणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. साठ-सत्तर हजारांपासून दीड लाखापर्यंत जाणारी ही खरेदी मध्यमवर्गीय घरात सहजासहजी होत नाही. तिच्यामागे कुणाची तरी बचत असते, बोनस असतो किंवा पहिल्या नोकरीतले हप्ते असतात. तरीही ती बहुधा दोनच नावे पाहून उरकली जाते: प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणते. संगणक पुढे वाढवता येईल की नाही, हे ज्या भागांवर ठरते त्यांच्याकडे मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत पाहिले जाते. गेल्या दहा वर्षांत कोणते भाग टिकले, कोणते बाद झाले आणि का, हे नीट पाहिले तर हा क्रम उलटा करावा लागतो.

दोन पंथ

या विषयात ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, एकदाच सगळ्यांत भारी घ्या आणि पाच-सात वर्षे निर्धास्त राहा. दुसरा म्हणतो, आज कमीत कमी खर्चात भागवा, पुढचे पुढे पाहू.

पहिल्या पंथाला अनुभवाने साथ दिलेली नाही. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०९० हे कार्ड सप्टेंबर २०२० मध्ये १,४९९ डॉलरला बाजारात आले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीचे आरटीएक्स ४०७० टीआय ७९९ डॉलरला आले आणि बहुतेक गेममध्ये ते जुन्या कार्डाच्या बरोबरीने किंवा पुढे धावले, तेही ३५० ऐवजी २८५ वॉटवर. सव्वादोन वर्षांत तोच वेग जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत असेल, तर भविष्यासाठी आगाऊ विकत घेतलेला वेग हा सगळ्यांत महागात पडणारा माल आहे.

दुसऱ्या पंथाची अडचण वेगळी आहे. स्वस्त संगणक वाढवता येईलच असे नाही. ग्राफिक्स कार्ड बदलायची वेळ येते तेव्हा कळते की संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला तेवढा भार पेलत नाही. तो बदलला तर नवे कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही. तेही निभावले तर प्रोसेसर मागे पडतो, आणि बोर्डाला नवा प्रोसेसर चालत नाही. एका भागासाठी काढलेले पैसे चार भागांवर खर्च होतात.

आपल्याकडे लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवून घेतात: कापड आणि शिवण पक्की, आणि आत दुमडून ठेवलेली जागा पुढे उसवण्यासाठी. संगणकाच्या बाबतीत हाच मार्ग शहाणपणाचा आहे. जे भाग सावकाश जुने होतात त्यांत पैसे घालावेत. जे झपाट्याने जुने होतात ते आजच्या गरजेपुरते घ्यावेत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीसाठी जागा राखून ठेवावी.

पुढचे गेम काय मागणार?

याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. मोठ्या खर्चाचे बहुतेक गेम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स डोळ्यांसमोर ठेवून बनवले जातात, त्यामुळे कन्सोलमध्ये आलेली क्षमता काही वर्षांनी संगणकाची किमान अट बनते.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले. दोघांतही एएमडीचा ८ कोअरचा प्रोसेसर, प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरायची १६ जीबी मेमरी, वेगवान एसएसडी आणि रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याची सोय होती. जुने कन्सोल मागे पडू लागले तसे परिणाम दिसू लागले. २०२३ मध्ये स्टारफील्डने एसएसडी सक्तीची केली, आणि सायबरपंक २०७७ नेही आपल्या किमान गरजांच्या यादीत एसएसडी घातली. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधला डूम: द डार्क एजेस हे दोन्ही गेम रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्ड नसेल तर चालतच नाहीत. म्हणजे कन्सोल आल्यापासून संगणकावर सक्ती व्हायला साधारण तीन-चार वर्षे मिळाली. पुढची पिढी बाजारात आली की तिची यादी वाचावी. घाई न करता तयारीला पुरेल एवढा वेळ हातात असतो.

आजपुरता याचा अर्थ असा, की अलीकडच्या पिढीतला ६ कोअरचा प्रोसेसर गेमिंगला पुरतो, कारण त्याचा एकेक कोअर कन्सोलमधल्या कोअरपेक्षा बराच वेगवान असतो. गेमिंगसोबत स्ट्रीमिंग किंवा व्हिडिओ संपादन करायचे असेल तर ८ कोअर घ्यावेत. त्याहून जास्त कोअर केवळ गेमसाठी घेण्यात अर्थ नाही.

सॉकेट: सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट मदरबोर्डाचे आयुष्य ठरवते. या बाबतीत दोन कंपन्यांचा गेल्या दशकातला इतिहास डोळे उघडणारा आहे.

जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचे २०० मालिकेतले बोर्ड आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेटचे नाव तेच होते, एलजीए ११५१, पण नव्या प्रोसेसरांना ३०० मालिकेतलाच बोर्ड लागत होता. नऊ-दहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या बोर्डाची वाट तिथेच संपली. पुढे २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये एलजीए १७०० आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आले. यांतले १७०० त्यातल्या त्यात उदार ठरले: बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या अशा तीन पिढ्या त्याने घेतल्या.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी आहे. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन त्यावर आले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच सॉकेटसाठी रायझन ७ ५८००एक्स३डी आला. ९६ एमबी एल३ कॅशमुळे हा प्रोसेसर गेमिंगमध्ये त्या वेळच्या सगळ्यांत महागड्या प्रोसेसरांच्या तोडीस तोड होता. २०१७ मध्ये बी३५० बोर्डावर ६ कोअरचा रायझन ५ १६०० बसवलेल्या माणसाला पाच वर्षांनी, फक्त बायोस, म्हणजे बोर्डातली मूळ आज्ञावली, अद्ययावत करून आणि एक भाग बदलून, जवळजवळ नवा संगणक मिळाला. बोर्ड तोच, रॅम तीच, कूलर आणि कॅबिनेटही तेच.

हे आपोआप घडले नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मे २०२० मध्ये एएमडीने ४०० मालिकेतल्या बोर्डांना पुढची पिढी चालणार नाही असे जाहीर केले होते. बायोसच्या चिपमध्ये जागा अपुरी आहे, हे कारण दिले गेले. ग्राहकांनी जोरदार विरोध केल्यावर काही दिवसांतच निर्णय बदलला, आणि ३०० मालिकेतल्या बोर्डांना ती परवानगी मिळायला २०२२ उजाडले. कंपनीचे आश्वासन महत्त्वाचे आहेच, पण ते लिखित आणि वर्षासकट असावे.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटबद्दल एएमडीने किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे जाहीर केले आहे, आणि रायझन ७००० व ९००० या दोन्ही मालिका त्यावर चालतात. त्यामुळे वाढवण्याचा विचार करून आज संगणक जुळवायचा, तर एएम५ वर बी६५० किंवा बी८५० चा मध्यम बोर्ड आणि रायझन ५ ७६०० सारखा ६५ वॉटचा प्रोसेसर ही सुरुवात मला सगळ्यांत योग्य वाटते. बोर्ड घेताना आरजीबी दिवे पाहू नयेत. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग सशक्त आहे का, त्यावर धातूचे हीटसिंक आहे का, एसएसडीसाठीच्या एम.२ खाचा किमान दोन आहेत का, आणि प्रोसेसर न बसवताही बायोस अद्ययावत करण्याचे बटण आहे का, हे पाहावे. पाच वर्षांनी नवा प्रोसेसर बसवताना याच गोष्टी कामी येतात.

एएम४ चा आणखी एक धडा: सॉकेट उताराला लागले की त्यासाठी निघालेला शेवटचा उत्तम प्रोसेसर घ्यावा. मधल्या प्रत्येक पिढीला उडी मारण्यात पैसे जातात आणि फरक थोडाच पडतो.

ग्राफिक्स कार्ड: वेगाआधी मेमरी

गेमिंग संगणकात सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर जुना होणारा भाग हाच. तो दोन प्रकारे जुना होतो: मेमरी अपुरी पडून किंवा नवी क्षमता नसल्यामुळे.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण आरटीएक्स ३०७०. ऑक्टोबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेल्या या वेगवान कार्डात ८ जीबी मेमरी होती. चारच महिन्यांनी ३२९ डॉलरचे आरटीएक्स ३०६० आले, वेगाने बरेच कमी पण १२ जीबीचे. २०२३ मध्ये हॉगवर्ट्स लेगसी आणि द लास्ट ऑफ अस भाग १ संगणकावर आले तेव्हा वरच्या सेटिंगवर ८ जीबी अपुरे पडू लागले, आणि महागडे कार्ड अडखळू लागले. वेग कमी असेल तर सेटिंग थोडी उतरवून भागते. मेमरी भरली की मात्र खेळ झटके खातो, आणि कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. म्हणून आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी यांसारखे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळत असेल, तर १६ जीबीचेच घ्यावे. इथे वाचवलेले पैसे दोन वर्षांत अंगाशी येतात.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय. ११ जीबी मेमरीच्या जोरावर या कार्डाने फार मोठी सेवा दिली. पण त्यात रे ट्रेसिंगचे हार्डवेअर नाही, त्यामुळे वर सांगितलेले गेम त्यावर सुरूच होत नाहीत, आणि त्या पिढीच्या कार्डांसाठी गेमनुसार येणारे नवे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. उलट जानेवारी २०१९ च्या साध्या आरटीएक्स २०६० ला डीएलएसएसची सुधारलेली आवृत्ती २०२५ मध्येही मिळाली, आणि कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे व स्वच्छ करून दाखवणाऱ्या या तंत्राने त्याचे आयुष्य वाढवले. जुने, मोठे कार्ड सेकंडहँड स्वस्तात मिळत असेल, तर हा फरक आधी विचारात घ्यावा.

कार्ड आणि बोर्ड यांचे नातेही पाहावे लागते. काही स्वस्त कार्डे पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ पैकी ८ किंवा ४ च मार्गिका वापरतात. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी चारच मार्गिकांवर चालते. नव्या बोर्डावर ते निभावते, पण पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग लक्षात येण्याइतका घसरतो. इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० किमतीच्या मानाने चांगले आहे, पण बोर्डावर रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय हवी आणि प्रोसेसर फार जुना नको. जुन्या संगणकात नवे स्वस्त कार्ड टाकून भागवू पाहणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

कार्ड किती मोठे हवे हे मॉनिटर ठरवतो. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख, आणि ४के वर ८२.९ लाख. चांगला मॉनिटर दोन-तीन कार्डांना पुरून उरतो. पुढे वाढायचेच असेल तर व्हेरिएबल रिफ्रेश रेट असलेला १४४०पी मॉनिटर ही टिकाऊ गुंतवणूक आहे. त्यात एफपीएस कमी-जास्त झाले तरी चित्र फाटत नाही, आणि कार्ड जुने होत गेले तरी खेळणे सुसह्य राहते.

रॅम आणि एसएसडी

‘आज दोन काड्या, पुढे आणखी दोन’ हा सल्ला डीडीआर४ च्या काळात ठीक होता. डीडीआर५ मध्ये तो घातक आहे. रायझन ७००० साठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन काड्यांना ५२०० आहे, चार काड्यांना फक्त ३६००. त्यामुळे चारही खाचा भरण्याच्या बेताने रॅम घेऊ नये. १६-१६ जीबीच्या दोन काड्या एकाच संचात घ्याव्यात.

रॅमच्या भावाबद्दल सावध राहणे भाग आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले, आणि मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात ३२ जीबी परवडत नसेल तर ८-८ जीबीच्या दोन काड्यांवर सुरुवात करून, भाव उतरल्यावर पूर्ण संच बदलणे हा मार्ग आहे. जुना डीडीआर४ संगणक चालता असेल, तर त्यात केवळ प्रोसेसर आणि कार्ड बदलून वेळ काढणेही आता पूर्वीपेक्षा जास्त शहाणपणाचे आहे.

एसएसडीबद्दल थोडक्यात सांगता येते. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआय एक्स्प्रेस ३.० ची ३,५०० च्या आसपास, ४.० ची ७,००० च्या आसपास. आकड्यांत अंतर मोठे असले तरी गेम सुरू होण्याच्या वेळेत शेवटच्या दोहोंतला फरक किरकोळच असतो. काही गेम एकटेच १०० जीबीच्या वर जागा खातात, म्हणून वेगापेक्षा क्षमता महत्त्वाची. साध्या वेगाची १ टीबी घ्यावी आणि बोर्डावर दुसरी एम.२ खाच मोकळी ठेवावी.

जे बदलावे लागू नयेत

आता ज्या भागांकडे सगळ्यात कमी लक्ष जाते त्यांच्याकडे वळू. कॅबिनेट आणि बोर्डाची एटीएक्स मापे इंटेलने १९९५ मध्ये ठरवली आणि बोर्ड बसवण्याची भोके आजही त्याच जागी आहेत. उलट काही तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस स्वतःच्याच मापाचे असतात, ते पुढे बदलता येत नाहीत. प्रमाणित मापाचे, समोर जाळी असलेले, ३६० मिलिमीटरपर्यंतचे कार्ड मावेल असे कॅबिनेट एकदा घेतले की दोन-तीन संगणक त्यात जुळवता येतात.

एसएमपीएस हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोकादायक भाग. जीटीएक्स १०६० ला २०१६ मध्ये १२० वॉट पुरत होते. आरटीएक्स ५०७० ला २५० वॉट लागतात, आरटीएक्स ५०९० ला ५७५. शिवाय आधुनिक कार्डे क्षणभर नेमून दिलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त ओढतात. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट भार पेलण्याची अट घातली गेली. त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० च्या नव्या १६ पिनी जोडाची टोके वितळल्याचे प्रकार घडले आणि पुढे एटीएक्स ३.१ मध्ये तो जोड सुधारला गेला. म्हणून मध्यम संगणकासाठीही नामवंत कंपनीचा, एटीएक्स ३.१ चा, ७५० वॉटचा, ७ ते १० वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस घ्यावा. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढेच सांगतो; सुरक्षेची हमी तो देत नाही. एसएमपीएस बदलताना जुन्याच्या सुट्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि एसएसडी-हार्ड डिस्क जळून जातात.

कूलरमध्ये मोठा हवेचा कूलर लिक्विड कूलरपेक्षा जास्त टिकतो, कारण त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो आणि तो बदलता येतो. नॉक्टुआसारख्या कंपन्या जुन्या कूलरसाठी नव्या सॉकेटचे जोड पुरवतात. एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वरही बसतात.

आपली हवा, आपली वीज, आपली वॉरंटी

परदेशी परीक्षणे २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि खोली जेवढी तापते तेवढीच भर चिपच्या तापमानात पडते. कोकणात दमटपणा, घाटावर धूळ. त्यामुळे जाळी काढून धुता येणारे कॅबिनेट आणि वर्षातून दोनदा सफाई हे आपल्याकडे टिकाऊपणाचेच भाग आहेत.

विजेचे गणितही आधी करावे. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. मोठे कार्ड पूर्ण भारावर असताना वीज गेली तर तो बंद पडेल. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर प्लगला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

अमेरिकेतून किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाकडून कार्ड मागवण्याचा मोह मराठी घरांत बऱ्याचदा होतो. किंमत कमी दिसते, पण अनेक कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते, आणि सर्वांत महाग भागच बिनवॉरंटीचा राहतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचे पक्के बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर आणि भारतातल्या वितरकाचे नाव असलेच पाहिजे. पुढे भाग विकायचा झाला तर याच बिलामुळे भाव मिळतो. सेकंडहँड घेताना इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जपून घ्यावेत: जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होऊ शकतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत आहे का आणि वॉरंटी किती उरली, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

क्रम कसा लावावा?

या सगळ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. एसएमपीएस, कॅबिनेट, बोर्ड आणि मॉनिटर यांत तडजोड करू नये. प्रोसेसर मधल्या दर्जाचा घ्यावा, कार्ड वेगापेक्षा मेमरी पाहून घ्यावे. पुढे बदल करताना आधी एसएसडी वाढवावी, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी कार्ड बदलावे, आणि सॉकेटचे आयुष्य संपत आले की त्याचा सर्वोत्तम प्रोसेसर घ्यावा. बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर एकदमच बदलायची वेळ आली तर तो नवा संगणकच असतो. तरीही चांगले कॅबिनेट, एसएमपीएस, कूलर आणि मॉनिटर तुमच्याजवळ उरलेले असतात.

दुकानदाराने पुढे केलेल्या कोटेशनमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांच्यासमोर कंपनी आणि मॉडेल न लिहिता नुसते ‘७५० वॉट’ किंवा ‘बी६५०’ लिहिलेले असेल, तर पूर्ण नाव लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.